जाळीच्या पलीकडे

आमच्या शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या शैला मॅडमना ओळखत नाही असा मराठी माणूस दुबईच्या ऊद मेथात सापडणं कठीण. त्यांचा आवाजच तसा होता. असेंब्लीला माइक बंद पडला की प्रिन्सिपल दुरुस्तीवाल्याला फोन न करता शैला मॅडमना स्टेजवर बोलवायचे. मी त्याच शाळेत लायब्रेरियन. माझा जन्म ‘हळू बोला’ म्हणण्यात गेला आणि त्यांचा ‘आवाज कुठाय, जेवला नाहीत का’ म्हणण्यात. आमची मैत्री कशी जुळली हे आमच्या दोघींच्या नवऱ्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. मला वाटतं, दिवसभर ओरडून झाल्यावर त्यांना एखादी गप्प जागा लागायची, आणि दिवसभर गप्प बसून मला कोणाशी तरी वाद घालायची तल्लफ यायची.

मूळच्या त्या कराडकडच्या. कॉलेजात असताना गोळाफेकीत राज्यपातळीपर्यंत गेलेल्या. पन्नाशी उलटली तरी उजवा खांदा डाव्यापेक्षा रुंद दिसायचा आणि ब्लाउज शिवणाऱ्या बाईला दर वेळी ते समजावून सांगावं लागायचं. माणसाची पारख त्या त्याच्या फेकण्यावरून करत. वर्गात डस्टर फेकणारा मुलगा सापडला तर आधी त्याला फेकायला नीट शिकवत आणि मग शिक्षा देत. “हातानं नाही रे, पायानं फेकतात. आणि नजर जिथं, गोळा तिथं,” हे त्यांचं वाक्य शाळेतल्या मल्याळी पोरांनासुद्धा मराठीत पाठ होतं.

त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. खाली कोणी आलं की बाल्कनीतून किल्ल्यांचा जुडगा टाकायच्या, आणि तो ज्याच्यासाठी टाकला त्याच्या ओंजळीतच पडायचा. मी एकदा भीतीनं हात मागे घेतला. जुडगा बरोबर माझ्या दोन पावलांच्या मधोमध पडला आणि वरून आवाज आला, “अगं लायब्ररी, विश्वास ठेवायला शीक.”

दुसरी ख्याती म्हणजे ओटी. त्यांच्या सॅकमध्ये पाण्याची बाटली, क्रेप बँडेज, शिट्टी आणि एक खण, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळदीकुंकवाची डबी असं सगळं सुखानं नांदायचं. नारळ तेवढा ऐनवेळी घ्यायचा. “तीन दिरहम, म्हणजे सत्तर रुपये. सत्तर रुपयांत कराडात दोन आले असते,” असं पुटपुटत घ्यायचा, पण घ्यायचाच. शाळेची नवी बस आली तिची ओटी भरली. बसचा ड्रायव्हर पेशावरचा. हे काय चाललंय म्हणून त्यानं विचारलं, तर कोणीतरी सांगितलं, हे घरच्या लेकीसुनांना करतात. तो गंभीरपणे म्हणाला, “फिर तो संभालके चलाना पडेगा.” खरंच, ती बस तो वर्षभर नव्या नवरीसारखी चालवत होता.

त्यांनी दुबईच्या खाडीची ओटी भरली, वाळवंटातल्या एका एकट्या घाफच्या झाडाची भरली, हत्ताच्या डोंगरांची तर दर हिवाळ्यात. “इथं येऊन मीठभाकर खाल्ली ना आपण? मग रिकाम्या हातानं कसं राहायचं?” असं त्यांचं म्हणणं. मी इथं पंचवीस वर्षं राहून व्हिसाच्या शिक्क्यापलीकडे या भूमीशी काही नातं जोडलं नव्हतं.

पण या ओटीत एक कडक कलम होतं. भरलेल्या ओटीतला नारळ परत आणायचा नाही, फोडायचा नाही, वाटायचा नाही. खाडीत सोडायचा, दरीत टाकायचा, झाडाखाली पुरायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये गौरी बसायच्या. तिथं ओटीतला नारळ प्रसाद म्हणून उलट हातात देतात, सगळीकडेच देतात. शैला मॅडम तो परत चौरंगावर ठेवायच्या. “दिलं म्हणजे दिलं. देवाला दिलेलं माणसानं खायचं नाही.” मोदकातलं सारणसुद्धा त्या काढून ठेवायच्या. आम्ही म्हणायचो, ॲलर्जी असेल. माझ्या जिभेला हाड नसल्यामुळे मी एकदा म्हटलंही, “मॅडम, देवीला दात नाहीत. तो नारळ शेवटी कोणीतरी खाणारच की.” त्या हसल्या नाहीत. इतर वेळी माझ्या पांचट बोलण्यावरही हसणारी बाई ती.

या बाईचं मन कसं होतं ते मला उम्म अल कुवैनच्या सहलीत कळलं. नववीचे दोन वर्ग घेऊन आम्ही खारफुटी बघायला गेलो होतो. गणिताचे कुरियन सर, अंगानं भरपूर, टोपी उडाली म्हणून तिच्यामागे ओहोटीच्या चिखलात गेले आणि मांडीपर्यंत रुतले. जितके हलतील तितके खाली. पोरांनी मोबाइल काढले. शैला मॅडमनी पहिली शिट्टी मारली ती सरांसाठी नव्हती, पोरांसाठी होती. “यल्ला, सगळ्यांनी इकडे तोंड करा. सरांकडे पाठ. जो वळेल त्याचा मोबाइल समुद्रात, आणि माझा नेम तुम्हाला माहितीय.” ऐंशी पोरं रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मग बाईंनी व्हॉलीबॉलच्या जाळ्याची दोरी सोडवली, टोकाला चेंडूची पिशवी बांधली आणि ती सरांच्या छातीवर अलगद नेऊन टाकली. सर बाहेर आले, धुऊन झाले, कोरडा पायजमा घालून झाला, तेव्हा कुठे पोरांना वळायची परवानगी मिळाली. परतताना मी म्हटलं, इतकं काय, थोडं हसली असती पोरं. तर त्या म्हणाल्या, “लाज वाटत असताना कोणी बघू नये गं. चिखल धुता येतो. बघितलेलं धुता येत नाही.”

डोंगर चढायचं वेडही त्यांचंच. त्यांच्या नादानं आमचा एक ग्रुप झाला होता. थंडीत दर सुट्टीला रास अल खैमाकडच्या नाहीतर हत्ताच्या डोंगरांत जायचं. मी दमून बसायच्या जागा शोधत मागून यायची. रिटायर व्हायला वर्ष राहिलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, “मेलेल्या डोंगरांच्या ओट्या पुष्कळ भरल्या. आता एक जिवंत बघायचाय.” ईदच्या सुट्टीत जावा बेटावरचा ब्रोमो ठरला. माझा नवरा म्हणाला, “आग आणि धूर बघायला विमान कशाला? ऑगस्टात बाल्कनीत उभी राहा.” म्हणून तो आला नाही. शैला मॅडम, त्यांचे यजमान प्रकाशराव, मी आणि ग्रुपमधली एक दोन जोडपी, एवढे निघालो. प्रकाशराव रास अल खोरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात मॅनेजर. माणूस भला, पण कुठलाही प्रश्न मिटवून टाकायचा असतो, समजून घ्यायचा नसतो, असं मानणारा.

ज्वालामुखी म्हटलं की मला लाल लाव्हा वगैरे वाटत होतं. तसं काही नव्हतं. आधी राखाडी वाळूचं एक मैदान, इतकं सपाट आणि मोठं की क्षणभर वाटलं, आपण दुबईहून निघालोच नाही. मधोमध तो डोंगर, शेंडा छाटल्यासारखा, आणि त्यातून पांढरा धूर. जीप पायथ्याच्या अलीकडेच थांबली. त्या आठवड्यात डोंगर शांत होता म्हणून वर सोडत होते, असं गाइडनं सांगितलं. युदी त्याचं नाव, पर्यटकांकडून इंग्रजी शिकलेला. पुढे राखेतून चढण, आणि मग काँक्रीटच्या पायऱ्या, अर्ध्या राखेनं बुजलेल्या. पाऊल टाकलं की अर्धं मागे यायचं. दाताखाली राख, मास्कमधून आत येणारा गंधकाचा वास. कोणीतरी खोलीभर काड्यापेट्या ओढल्यासारखा. मी तिसऱ्यांदा बसले तेव्हा शैला मॅडम वरून म्हणाल्या, “पायानं चढ गं, तोंडानं नको.”

वर पोचलो. कड्यावर दोन माणसं जेमतेम एकमेकांना ओलांडतील एवढी वाट. कठडा होता, पण थोडाच, पुढे नुसतीच वाट. आतल्या बाजूला राखेचा उतार सरळ खाली, आणि तळाशी त्या धुराचं तोंड. आवाज सतत, पोटातून आलेला. लोहाराच्या भात्यासारखा, फक्त भाता कधी थांबतो, हा थांबत नव्हता. आणि कड्यावर, त्या तोंडाशी, गणपती. दगडाचा, फुलं वाहिलेला. तिथले डोंगरी लोक हिंदू आहेत हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण असा काठावर बसलेला गणपती बघून माझ्यासारखीच्याही डोळ्यात पाणी आलं. शैला मॅडमनी त्याला कुंकू लावलं आणि ओटीचं सामान काढलं.

“मॅडम, हा डोंगर बाप्या की बाई, ते आधी ठरवा,” मी म्हटलं.

“पोटात आग आहे ना? मग बाईच असणार.”

इरकली खण पसरून त्यांनी शेंडीचा नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी मांडली आणि घट्ट गाठ मारली. आणि तेव्हा त्यांना ती माणसं दिसली.

कड्याच्या खाली, आतल्या उतारावर, तीनचार पुरुष उभे होते. राखेत पाय रोवून. हातात बांबूला बांधलेल्या जाळ्या, एकाकडे नुसती लुंगी पसरलेली. त्यांचा सण नुकताच होऊन गेला होता. वरून लोक भाज्या, फुलं, नाणी, कधी कोंबडी डोंगराला वाहत होते आणि ही माणसं ते वरचेवर झेलत होती. युदीला हे रोजचंच. तो म्हणाला, “नॉट स्टीलिंग, मॅडम. माउंटन टेक, पीपल टेक. सेम सेम. त्यांच्यासाठी पण ब्लेसिंग.”

शैला मॅडमचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. राग म्हणावा तर राग नव्हता. एखाद्यानं भर बाजारात जुन्या नावानं हाक मारली की माणूस चरकतं, तसं काहीतरी.

“माझं नाही घ्यायचं,” त्या मराठीत म्हणाल्या, कोणालाच उद्देशून नाही. मग कठडा संपतो तिथून पुढे चालत गेल्या. मी मागोमाग. खालच्या माणसांतला एक त्यांच्याबरोबर सरकत आला. चाळिशीचा असेल, डोक्याला मफलर. त्यानं वर बघून हसून जाळी उंचावली. टाका, मी आहे, असं म्हटल्यासारखी. शैला मॅडमनी उजव्या हातात ओटी तोलली, मानेशी धरली, पाठ वळवली, गुडघा वाकवला. मी शेजारीच होते. त्यांची नजर कुठं होती ते मी पाहिलं. जाळीवर नव्हती, धुरावरही नव्हती. जाळीच्या टोकापासून हातभर पलीकडे होती.

फेक काय सुंदर होती. इतक्या वर्षांत हात गंजला नव्हता. ओटी त्या माणसाच्या डोक्यावरून गेली आणि आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या माणसाला वाटलं, पोचेल. तो उतारावर तिरका धावला, जाळी लांबवली, आणि त्याच्या पायाखालची राख निघाली.

तो ओरडला नाही. राखेचा एक पट्टा त्याच्याबरोबर घसरत गेला, तो त्यात उलटा झाला आणि बराच खाली एका दगडाशी अडकला. ओटी कधीच धुरात गेली होती. बाकीच्यांनी लुंग्या एकमेकींना गाठवल्या आणि त्याला वर ओढलं. उजवा हात कोपरातून नको त्या बाजूला वळला होता. तोंड, डोळे, केस सगळं राखाडी, फक्त ओठ हलत होते. आमच्या जोडप्यांतली एक बाई रडायला लागली. शैला मॅडम जिथं फेकलं तिथंच उभ्या होत्या, फेकल्यानंतर तोल सांभाळायला पाय टाकतात तसा पाय टाकून.

खालच्या गावात एक छोटा दवाखाना होता. कार्नो नाव त्या पडलेल्या माणसाचं. त्याची बायको स्कूटरवरून आली, थेट शेतातून. हाताला कोबीच्या वाफ्याची माती. आधी आत जाऊन नवऱ्याला बघून आली आणि मग व्हरांड्यात आमच्यासमोर उभी राहिली. तिनं काहीतरी विचारलं. युदीनं सांगितलं, “ती विचारते, कोणी टाकलं आणि कसं.”

प्रकाशराव पुढे झाले. “विंड,” ते म्हणाले. “तेज हवा आली. लेडीजच्या हातातून छूट गया. ॲक्सिडेंट. टेल हर.” युदीला बहुतेक सुटल्यासारखं झालं, त्यानं लगेच भाषांतर केलं. त्या बाईनं आमच्या एकेकाकडे बघितलं. माझ्यावर नजर आली तेव्हा मी मान हलवली, हो, वारा. शैला मॅडम फरशीकडे बघत होत्या. प्रकाशरावांनी पाकीट दिलं, तिनं ते घेतलं, थँक यू म्हणाली. तिचं थँक यू ऐकून शैला मॅडम जीपमध्ये जाऊन बसल्या. परतीच्या विमानात त्या जेवल्याही नाहीत.

दुबईत आल्यावर ग्रुप मोडला. मोडला असं कोणी म्हटलं नाही, नुसता कोणी मेसेज टाकेना. त्या शाळेत यायच्या, शिट्टी वाजवायच्या, घरी जायच्या. गौरीला बिल्डिंगमध्ये ओटी भरायला आल्या नाहीत. त्यांचा मुलगा निनाद, इथंच वाढलेला, इथंच नोकरीला, तो मला त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये भेटला. “आँटी, प्लीज टॉक टू हर. इट वॉज ॲन ॲक्सिडेंट, राइट?” मी म्हटलं, “अरे, हो ना.” दुसऱ्यांदा तीच मान हलवली.

एकदा शेवटच्या तासाला त्या लायब्ररीत आल्या. लहान मुलांसाठी असतात तशा बुटक्या खुर्चीवर बसल्या, गुडघे वर आलेले. मी पुस्तकांना नंबर चिकटवत होते.

“तू बघितलंस ना, मी कुठं बघत होते?”

मी चिकटपट्टी खाली ठेवली. “बघितलं.”

“मग बोलली का नाहीस?”

मी चिकटपट्टी पुन्हा उचलली. उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही.

“आमचे बाबा गुरव होते गं. गावच्या देवीचे. इथं कोणाला सांगितलं नाही मी, निनादला पण नीट माहीत नाही. देवळातच आमचं घर. लोक ओटी भरायचे, आणि नारळ बाबांच्या टोपलीत. तो त्यांचा हक्कच होता, त्यावरच तर आम्ही जगलो. सकाळी खोबरं, दुपारी खोबऱ्याची चटणी, रात्री आमटीत खोबरं. शाळेत पोरी मला म्हणायच्या, देवीचं खाऊन जाड झाली. एकदा एका पोरीची आई आली ओटी भरायला. बाबांनी टोपली पुढे केली, आणि तिनं मुद्दाम टोपलीच्या पलीकडे नारळ टाकला. गाभाऱ्यात, लांब. म्हणाली, देवीला दिलाय, तुम्हाला नाही. बाबांनी वाकून, आत जाऊन, तो उचलून आणला. मी दारात उभी होते. मला त्या बाईचा राग नाही गं आला. मला बाबांची लाज वाटली. का वाकले म्हणून.”

बाहेर मैदानावर कोणीतरी दुसरेच सर शिट्टी वाजवत होते.

“तो माणूस जाळी वर करून हसला ना, मला बाबाच दिसले. आणि मी काय केलं? त्या बाईनं केलं तेच. मला नारळ देवापर्यंत पोचवायचा नव्हता. त्याच्यापर्यंत पोचू द्यायचा नव्हता.”

मी म्हटलं, मॅडम, तो धावेल हे तुम्हाला काय माहीत. पडेल हे काय माहीत. अशा वेळी म्हणायची असतात ती सगळी वाक्यं मी म्हटली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, दंगा करणाऱ्या वर्गाला थांबवतात तसं. “पडला हा अपघात. फेकला हा अपघात नव्हता. आणि त्याच्या बायकोनं मला थँक यू म्हटलंय.”

त्यानंतर त्या युदीशी फोनवर बोलायला लागल्या. कार्नोचा हात जुळला होता, पण सरळ होत नव्हता. जाळी आता त्याचा मेव्हणा धरायचा. त्यांना पुन्हा तिकडे जायचं होतं, समोर उभं राहून खरं काय ते सांगायचं होतं. प्रकाशराव चिडले. “खलास झालं ते. मदत केली ना आपण? आता जाऊन काय सांगणार, की मी मुद्दाम फेकलं? कोणाला फायदा त्याचा?” मलाही आतून तसंच वाटत होतं. उकरून काय मिळणार. पण शैला मॅडम रिटायर झाल्या, निरोपसमारंभ नको म्हणाल्या, आणि एकट्या गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, “मी फोन लावीन. उचल. तू तिथं होतीस, तुझ्यासमोर सांगणार.”

फोन आला तेव्हा शाळेत मधली सुट्टी होती. मी लायब्ररीचं दार लावून घेतलं. पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग त्यांनी मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवला आणि एक अंगण दिसलं. पत्र्याचं घर, दारात कांद्याच्या पातीच्या जुड्या, मागे ढगात गेलेला डोंगर. कार्नो बाकावर बसलेला, उजवा हात मांडीवर वाकडा. त्याची बायको दारात उभी. युदी मध्ये. शैला मॅडम पाठमोऱ्या होत्या.

त्या इंग्रजीत बोलल्या, तुटक, पण स्पष्ट. वारा नव्हता. मी मुद्दाम दूर फेकलं. तुमच्या हातात पडू नये म्हणून. माझ्या नवऱ्यानं खोटं सांगितलं आणि मी गप्प बसले.

युदी बोलायला लागला. बरंच कमी बोलला. कार्नोच्या बायकोनं मान डोलावली, हसली, आत जाऊन चहा घेऊन आली. मला भाषा येत नाही, पण हसू कशाचं असतं ते कळतं. त्यानं सांगितलं असणार, मॅडमना फार वाईट वाटतंय, माफी मागायला आल्यात. शैला मॅडमनाही ते कळलं. पर्यटकांना आणि गावाला गोड ठेवूनच त्या बिचाऱ्याचं पोट चालतं. मी फोनमध्ये म्हटलं, “जाऊ दे मॅडम, झालं ना.” त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

चहाचा कप त्यांनी बाकावर ठेवला. भिंतीला एक बांबूची जाळी लावलेली होती, ती काढून कार्नोच्या डाव्या हातात दिली आणि त्याला खांद्याला धरून अंगणाच्या मध्ये उभं केलं. तो हसत उभा राहिला, त्याला वाटलं फोटो काढायचाय. दारापाशी सोललेल्या नारळांचा ढीग होता. त्यातला एक उचलून त्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. हातानं खूण केली, जाळी वर. त्यानं वर केली. त्यांनी दोन बोटं आधी आपल्या डोळ्यांशी नेली आणि मग जाळीकडे दाखवली. म्हणजे, जाळी मला दिसली होती. मग तीच बोटं जाळीच्या पलीकडे, हातभर, रिकाम्या जागेकडे. आणि मानेशी नारळ धरून, पाठ वळवून, गुडघा वाकवून त्यांनी तिथंच फेकला.

नारळ कोबीच्या वाफ्यात पडला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कार्नोची जाळी तशीच वर राहिली, मग हळूहळू खाली आली. त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं हातातली किटली खाली ठेवली, नारळ पडला होता तिकडे बघितलं, नवऱ्याच्या हाताकडे बघितलं, आणि बोलायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं. युदी मध्ये पडायला गेला तर तिनं त्याला बाजूला केलं. युदी इंग्रजीत म्हणाला, “मॅडम, शी इज लिटिल अपसेट. वी गो नाऊ.”

“नो,” शैला मॅडम म्हणाल्या. “फुल सांग. एव्हरी वर्ड. काही गाळू नकोस.”

युदीनं भाषांतर करायला सुरुवात केली. आमच्या शाळेची घंटा झाली, दारावर मुलांच्या थापा पडायला लागल्या. पहिली दोन वाक्यं मी ऐकली आणि फोनचा आवाज बंद केला, ती माझ्यासाठी नव्हती. फोन मात्र मी ठेवला नाही, मला तिथं राहायला सांगितलं होतं. पडद्यावर ती बाई बोलत होती, मातीचा हात हलवत, नवऱ्याचा वाकडा हात धरून दाखवत. तिच्यासमोर शैला मॅडम दोन्ही हात खाली सोडून उभ्या होत्या. एकदाही मागे सरल्या नाहीत, एकदाही खाली बघितलं नाही, आणि ती थांबेपर्यंत तशाच उभ्या राहून ऐकत राहिल्या.